खालचा आकडा

वायरमनच्या घरी माणसांपेक्षा कोंबड्यांचा थाट मोठा, असं गावातले लोक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. राहतं घर पत्र्याचं होतं. उन्हाळ्यात दुपारी आत पाऊल टाकलं की भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं व्हायचं. घरामागची शेड मात्र पक्की, लांबलचक आणि गार. तिच्या एका टोकाला भिंतभर जाड, जाळीदार पुठ्ठ्याचे पॅड बसवले होते आणि त्यांच्यावरून पाणी झिरपत राहायचं. दुसऱ्या टोकाला माणसाच्या उंचीचे पंखे आतली हवा ओढून बाहेर फेकायचे. दोन्ही लांब बाजूंना पडदे घट्ट ओढलेले. बाहेरची तापलेली हवा ओल्या पुठ्ठ्यांतून आत शिरायची आणि शिरता शिरता निवायची. शेड उभी करताना घराचं छप्पर बदलायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

वायरमन आता वायरमन राहिला नव्हता. खांबावरून पडल्यापासून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि नावाबरोबर ऐटही. गावात कुणाचा मिक्सर बंद पडला तर अजून त्यालाच हाक यायची, आणि तो उघडून बघण्याआधीच काय बिघडलंय ते सांगायचा. निम्म्या वेळा बरोबरही निघायचं.

पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनीची. शेड, पाणी आणि राबणं यांचं. पिल्लं वाढून पक्षी झाले की कंपनीची गाडी यायची आणि भरून न्यायची. शेडमध्ये त्यांना कोंबड्या कुणी म्हणत नसे, पक्षीच म्हणत. मागच्या खेपेला रोग शिरला आणि निम्मे पक्षी गेले. तेव्हाच कंपनीने बोलून दाखवलं होतं, की आता ही एक खेप बघू. नीट गेली तर पुढे चालू, नाही तर पिल्लं दुसऱ्या शेडला. पिल्लं नाहीत म्हणजे शेड रिकामी. शेड रिकामी म्हणजे वायरमनला ती न वाकणारी बोटं घेऊन शहरात कुठेतरी हमालीला जावं लागणार. वायरमनच्या बायकोला हे सगळं पाठ होतं. रोज पहाटे पडद्याची दोरी हातात घेताना ते तिला आठवायचं, आणि दोरी बांधून झाली की ती ते बाजूला ठेवायची.

पॅडच्या बाहेरच्या अंगाला, सावलीत, एक मीटर टांगलेला होता. तळहाताएवढा, पांढरा. वर मोठा आकडा, खाली लहान आकडा आणि त्याच्यापुढे टक्क्याची खूण. तो कंपनीच्या सुपरवायझरने लावून दिला. त्या दिवशी त्याला पुढच्या शेडवर जायची घाई होती. वरच्या आकड्यावर बोट ठेवून त्याने सांगितलं की हा चढला आणि पक्षी धापा टाकायला लागले की पॅडवर पाणी सोडायचं. मग खालच्या आकड्यावर बोट ठेवून तो काहीतरी बोलला. त्याच वेळी वायरमनने पंखा चालू करून दाखवला होता, त्यामुळे सुपरवायझरचे नुसते ओठ हलताना दिसले. वायरमनने मान हलवली. मीटरबद्दल वायरमन कुणाला विचारणार?

तो गेल्यावर बायकोने विचारलं, खालचं काय? वायरमन म्हणाला, सेल. किती उरलाय ते. मोबाइलला असतं तसं.

तिने काही दिवस लक्ष ठेवलं आणि एक गोष्ट तिला विचित्र वाटली. सकाळी आकडा मोठा असायचा, ऊन चढेल तसा उतरत जायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर. वायर नाही, काही नाही, मग हा भरतो कसा? वायरमनने जरा विचार केला. मग म्हणाला, "दिवसभर उन्हात राबून थकतो. रात्री गारव्यात पडला की भरतो. आपल्यासारखाच आहे तो."

ती हसली. विषय संपला. पुढे सकाळी आकडा बराच असला की वायरमन म्हणायचा, आज गडी पोटभर झोपलाय.

त्या उन्हाळ्याने सगळ्यांना पुरतं भाजून काढलं. हवा इतकी कोरडी, की दोरीवर टाकलेला टॉवेल दुसरा टाकेपर्यंत वाळायचा. ओठ फुटायचे, टाचा फाटायच्या. शेडमध्ये मात्र काम सुरळीत चाललं होतं. पहाटे ती खाद्याच्या गोण्या उघडायची, भांडी भरायची, पाण्याच्या नळ्या फडक्याने पुसायची. खालचं भाताचं तूस फावड्याने चाळवायची, म्हणजे त्याचे गोळे होत नसत. ऊन चढलं की पाणी सोडायचं आणि पक्ष्यांमधून हळूहळू फिरत राहायचं. पक्षी एका जागी बसून राहिले की त्यांच्या अंगाखाली ऊब साठते, म्हणून त्यांना उठवत जायचं. ती दोन्ही हात किंचित पसरून चालायची आणि तिच्यापुढे पांढरा थवा दुभंगत जायचा. शेडचा वास तिच्या केसांत मुरला होता. गावात कुणाकडे बसायला गेली तर शेजारच्या बाया काही न बोलता जरा सरकून बसत. तिने जाणंच सोडलं.

सासऱ्याला दमा होता. पत्र्याच्या घरात दुपारी त्याच्या श्वासाची ओढ व्हायची, म्हणून ती त्याला हाताला धरून शेडमध्ये आणायची आणि पॅडजवळ एका पालथ्या टोपलीवर बसवायची. हे कंपनीच्या नियमात बसत नव्हतं. बाहेरच्या माणसाने आत यायचं नाही, आणि आतल्या माणसाने दारातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवूनच आत शिरायचं. सुपरवायझरच्या मोटरसायकलचा आवाज आला की म्हाताऱ्याला मागच्या दाराने काढावं लागायचं. एकदा वेळ मिळाला नाही. म्हातारा टोपलीवरच बसून राहिला, हात गुडघ्यांवर ठेवून, खाली बघत, चोरी पकडल्यासारखा. सुपरवायझरने त्याच्या अंगावरून नजर फिरवली आणि पंख्याच्या पट्ट्याबद्दल बोलत राहिला. जाताना तिने पाणी पुढे केलं. तो म्हणाला, आत्ताच पिऊन आलो. तो नेहमी आत्ताच पिऊन आलेला असायचा.

म्हाताऱ्याला ती जागा आवडायची. तो म्हणायचा, आयुष्यभर घाम गाळला आणि शेवटी हवा मिळाली ती कोंबड्यांची उष्टी. त्याची ओढ जरा वाढली, तो कण्हायला लागला, की ती पक्ष्यांमधून फिरता फिरता लांबूनच सांगायची, "दम धरा, बाबा." आणि म्हातारा छाती धरून म्हणायचा, "अगं, धरायला असता तर कशाला इथं आलो असतो?" हा दोघांचा ठरलेला विनोद होता. रोज होऊनही तो शिळा झाला नव्हता.

पक्षी भरले. अंगाने जड झाले, पायांवर डुलत चालायला लागले. कंपनीचा निरोप आला की परवा गाडी येतेय. त्या सकाळी वायरमन उगाच दोनदा शेडला चक्कर मारून आला. सुपरवायझर मागच्या वेळी येऊन गेला तेव्हा म्हणाला होता, पक्षी चांगले आहेत. तेवढ्या शब्दावर घर आठवडाभर जगलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेच मळभ घेऊन. आभाळ खाली उतरलं होतं, वारा पडला होता, आणि पाऊस म्हणावा तर थेंब नव्हता. ऊन नाही म्हणून वायरमनला बरं वाटलं. ती चूल पेटवायला बसली तर काडी पेटेना. तीन काड्यांचं गूल नुसतं घासून निघालं. मीठ डब्यात घट्ट बसलं होतं, चमच्याने टोकरावं लागलं. आदल्या संध्याकाळी धुतलेला म्हाताऱ्याचा टॉवेल तिने दोरीवरून काढला आणि हातात घेतल्यावर परत टाकला. ओलाच होता. तिने हे सगळं पाहिलं. पाहिलं आणि पुढच्या कामाला लागली.

मीटरवर वरचा आकडा रोजच्यापेक्षा कमी होता. खालचा एवढा मोठा तिने कधी पाहिलाच नव्हता. वायरमन म्हणाला, आज गडी जेवून झोपलाय.

दुपार होऊ लागली तसे पक्षी धापा टाकायला लागले. चोची उघड्या, पंख अंगापासून सुटलेले, मानेची कातडी लपलप हलतेय. वरचा आकडा फार चढलेला नव्हता, तरी धापा म्हणजे धापा. वायरमनने पाणी सोडलं. रोज पाणी सोडलं की थोड्या वेळात शेडचा आवाज बदलायचा. गलका उतरायचा आणि नुसती खाद्य टिपण्याची टकटक उरायची. आज गलका तसाच राहिला. वायरमनने नळ आणखी उघडला. पॅडवरून पाणी धारेने वाहायला लागलं, खाली साचलं, आणि पॅडजवळचं तूस भिजून काळं पडलं. तिच्या अंगावरचा घाम वाळत नव्हता, हनुवटीवरून टपटपत होता. भिंतीतल्या लोखंडी नळ्यांनाही घाम सुटला होता. पडद्यांच्या फटीतून गारवा निसटत असेल, असं वायरमनला वाटलं. त्याने फटींत गोण्या कोंबल्या.

ती फिरत राहिली, हात पसरून. पण आज पक्षी तिच्यापुढे दुभंगत नव्हते. पायाने सारावं तेव्हा उठायचे, दोन पावलं टाकायचे आणि पुन्हा बसायचे.

म्हातारा पॅडजवळ टोपलीवर होता. त्याने एकदा हाक मारली ती तिला पंख्यांच्या आवाजात ऐकू आली नाही. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आज इथं बरं नाही. हवा लागत नाही." ती म्हणाली, "दम धरा, बाबा." त्याने विनोद पुरा केला नाही. तिच्या ते लक्षात आलं, पण हातात गोणी होती. तिसऱ्यांदा ती वळली तेव्हा तो टोपलीवरून खाली सरकला होता, तोंड उघडं, खांदे वर खाली होताहेत, ओठ जांभळे. तिने त्याला काखेत हात घालून उचललं. म्हातारा हलका होता, पण अंग सोडल्यामुळे लोंबत होता. मागच्या दाराने तिने त्याला बाहेर काढलं, झाडाखाली टेकवून बसवलं, पाठ चोळली, तोंडात दम्याच्या औषधाचा फवारा मारला. पुष्कळ वेळ गेला. बाहेरही हवा जड होती, पण निदान मोकळी होती. हळूहळू त्याच्या छातीतली शिट्टी सुटी झाली. तो काही बोलायचा प्रयत्न करत होता. ती म्हणाली, बोलू नका. त्याने शेडकडे बोट केलं. तिला वाटलं, तो म्हणतोय, जा, काम बघ.

ती आत गेली तर गलका थांबला होता. क्षणभर तिला बरं वाटलं. मग डोळे आतल्या उजेडाला सरावले. पंख्यांच्या बाजूचे पक्षी पाय मागे ताणून आडवे पडले होते. वायरमन त्यांच्यामध्ये उभा होता, हातात पाण्याचा पाइप, आणि जिवंत पक्ष्यांवर पाणी मारत होता. पाणी मारलेला पक्षी मान टाकायचा. तो पुढच्यावर मारायचा. तिला बघून तो म्हणाला, अजून पाणी पाहिजे, टाकी कमी पडतेय. ती धावत गेली आणि बादल्या भरून आणायला लागली. तिने किती बादल्या आणल्या ते तिला नंतर सांगता आलं नाही. प्रत्येक बादलीला शेड जास्त गप्प होत गेली.

सुपरवायझर आला तेव्हा दिवस अजून होता. त्या भागातल्या सगळ्याच शेडवरून त्याला फोन आले होते. तो चिखलाने आणि घामाने माखला होता. औषधाच्या पाण्यात पाय न बुडवताच तो आत शिरला, सरळ गेला आणि पॅडचा नळ बंद केला. मग दोन्ही बाजूंचे पडदे फाडल्यासारखे ओढून खाली पाडले. पडदे पडताच आतून एक उबट, तिखट वाफ बाहेर आली आणि डोळ्यांत झोंबली. जे थोडे पक्षी कडेला उभे होते ते उभे राहिले. बाकीच्यांना आता काहीच लागणार नव्हतं.

तो पडद्यांच्या कडेला उकिडवा बसला. थोड्या वेळाने म्हणाला की गावातल्या दूधवाल्याच्या शेडवरही मर झाली, पण थोडकी. उन्हाळाच तसा आहे, कंपनीही समजून घेईल. त्याचा स्वर मऊ होता. तिने मान वर केली. वायरमनच्याही अंगात जरा जीव आला. आता त्याला आपली बाजू मांडावीशी वाटली. आपण हयगय केली नाही, हे साहेबाला कळायला हवं होतं. पाणी कमी पडू दिलं नाही, पंखे एक क्षण थांबले नाहीत, पट्टे परवाच बदललेत, असं तो सांगत गेला. आणि मग म्हणाला, "मीटरवर पण लक्ष होतं, साहेब. सेल तर फुल होता."

"कसला सेल?"

वायरमनने त्याला बाहेर नेलं आणि बोट ठेवून दाखवलं. ब्याण्णव.

सुपरवायझरच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. ते अर्ध्यावर आलं आणि मेलं. तो म्हणाला, ही हवेतली ओल आहे. पक्ष्याला घाम येत नाही, तो तोंडाने ओल बाहेर टाकून गार होतो. बाहेरची हवाच भिजलेली असली तर त्याची ओल कुणी घ्यायची? हा आकडा चढला की पाणी बंद, पडदे उघडे, नुसता वारा. तो हे सगळं अगदी सावकाश बोलला, लहान मुलाला सांगावं तसं. शेवटी म्हणाला, "मी सांगितलं होतं."

वायरमन खाली बघत होता. त्याच्या ताठ बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

"पंखा चालू होता, साहेब," ती म्हणाली.

सुपरवायझरने तिच्याकडे पाहिलं. मीटर लावला तो दिवस त्याला आठवला की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळलं नाही. ओलं तूस कुणालाही दिसेल, कंपनीलाही, एवढंच तो म्हणाला. त्यानंतर उन्हाळ्याचं नाव त्याने काढलं नाही. जाताना मात्र त्याने औषधाच्या पाण्यात पाय बुडवले, दोन्ही, नीट घोट्यापर्यंत, आणि मग मोटरसायकलला किक मारली.

सकाळी त्यांनी शेडमागे खड्डा खणला. वरची जमीन दगडासारखी होती, खालची भुसभुशीत. वायरमनला कुदळ नीट धरता येत नव्हती, म्हणून कुदळ तिने घेतली आणि त्याने घमेली ओढली. पक्षी घमेल्यातही गरम लागत होते. म्हातारा झाडाखाली बाजेवर पडून बघत होता. मध्येच तो म्हणाला, "मी तेच सांगत होतो. त्यांना दम लागलाय म्हणत होतो." वायरमनने पुढचं घमेलं ओढलं. तो पुन्हा म्हणाला नाही. तिला वाटलं की त्याने शिव्या दिल्या असत्या तर कुदळ जरा हलकी झाली असती.

वाचलेले पक्षी गाडीवाला घेऊन गेला; गाडीचा कोपराही भरला नाही. कंपनीने फोन केला नाही. वायरमनने केला तर सुपरवायझर म्हणाला, वरून कळवतो. पुढे तो फोन उचलेनासा झाला. मग एक दिवस पिल्लांची गाडी रस्त्याने गेली, त्यांच्या दारावरून, दूधवाल्याकडे. वायरमन दारात उभा होता. गाडीवाल्याने ओळखीने हात केला. वायरमननेही केला.

त्याच आठवड्यात तो शहरात गेला. काम मिळालं ते शीतगृहात, फळांच्या पेट्या उचलायचं. फोनवर तो सांगायचा, की आत हाडं गोठतात आणि बाहेर आलं की अंगावर दव पडतं. एकदा म्हणाला, इथे दारादाराला मीटर आहेत, दोन आकड्यांचे. मग त्याने विचारलं, बाबा कसे आहेत, आणि ती म्हणाली, आहेत. बोटांचं तिने विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

म्हाताऱ्याला आता त्या मीटरचं वेड लागलं होतं. ती सकाळी शेडकडे गेली की तो बाजेवरून विचारायचा, "खाली किती?" ती आकडा सांगायची. आकडा मोठा असला की ऐकल्या ऐकल्याच त्याची छाती आवळायची. दिवसभर तो हलायचा नाही, बोलायचा नाही, आभाळाकडे बघत राहायचा. म्हणून ती आकडा थोडा कमी करून सांगायला लागली. ऐंशीचे सत्तर. मग ऐंशीचे साठ. म्हातारा बोटांनी हिशेब केल्यासारखं करायचा आणि थोडी भाजी निवडून द्यायचा.

मळभ मात्र हटत नव्हतं. एका सकाळी ती गेली तर मीटरची काच कोरी होती. वरचा आकडा नाही, खालचा नाही. सेल संपला होता. आधी काही सांगितलं नव्हतं मीटरने. तिने काचेवरून बोट फिरवलं, मीटर खिळ्यावरून काढला, हलवला, परत टांगला. मागे रिकामी शेड उघडी पडली होती. पॅड वाळून कडक झाले होते, आणि पडदे दोरीला अर्धवट लटकत होते, हलत नव्हते.

"खाली किती?" म्हाताऱ्याने विचारलं.

ती कोऱ्या काचेकडे बघत होती. दोरीवर कालचा टॉवेल होता. त्याच्या टोकाला थेंब धरला होता.

"चाळीस," ती म्हणाली.

म्हाताऱ्याच्या छातीतली शिट्टी इथपर्यंत ऐकू येत होती. तो जरा उठून बसला.

"मग बरी आहे हवा," तो म्हणाला. श्वास मिळेपर्यंत थांबला आणि पुन्हा म्हणाला, "बरी आहे."